कामतघरचे कुलूप

भिवंडी पाहण्यासाठी म्हणून कोणी जात नाही. लोक तेथे कामाला जातात आणि काम संपले की निघतात. मीही कामासाठीच गेलो होतो.

माझा व्यवसाय माहितीपट काढण्याचा. दगडखाणी, ऊसतोड कामगारांची पाले, पाण्यावाचून उठून गेलेली गावे, असे विषय मी आयुष्यभर हाताळले. पाहणाऱ्याने घरी जाऊन काही तरी करावे, एवढाच त्यामागे हेतू. काहींनी केले. बहुतेकांनी केले नाही.

भिवंडीच्या यंत्रमागांवरचा चित्रपट मी आदल्या हिवाळ्यात चित्रित केला होता. साल २००६. संकलन पुरे झाले तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता, आणि माझ्या नियमाप्रमाणे तो घेऊन मी साताऱ्याहून पुन्हा निघालो. नियम असा: चित्रपटात ज्याचा चेहरा आहे त्याने तो इतरांआधी पाहावा, आणि स्वतःचा जो भाग त्याला नको असेल तो काढून टाकावा. या नियमापायी मी काही चांगली दृश्ये गमावली. नियम मोडला मात्र नाही.

कामतघर

माझा मुक्काम भिवंडीच्या कामतघर भागात कर्णिक मास्तरांकडे होता. मास्तर निवृत्त शिक्षक, चार पिढ्यांचे भिवंडीकर. त्यांच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून मागांची शेड आहे. भिंत सतत थरथरते. मांडणीवरचे पेले एकमेकांवर वाजत राहतात. मास्तरांच्या पत्नीने त्यांच्यामध्ये कापडाच्या चिंध्या घालून ठेवल्या आहेत. जेवायला वालाचे बिरडे आणि तांदळाची भाकरी होती. आमच्याकडे ज्वारीची भाकरी थापताना आवाज होतो. येथे तो ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता.

पहिल्या सकाळी गच्चीवरून एक गोष्ट पाहिली. गल्लीच्या दोन बाजूंना दोन बायका दारात उभ्या होत्या. एकीच्या हातात परात, दुसरीच्या कडेवर मूल. दोघींचे ओठ भराभर हलत होते, आवाज मात्र मुळीच नव्हता. मध्येच एक हसली. मला वाटले, दोघी मुक्या असाव्यात. मास्तरांना विचारायचे मनात होते, ते राहून गेले.

चित्रपटाचा गाभा एक कुलूप होते. कामतघरातील बाळारामशेठ यांच्या शेडला सरकत्या जाळीचा एकच दरवाजा आहे. रात्रपाळी आत शिरली की मुकादम त्याला बाहेरून कुलूप लावतो आणि चावी घरी नेतो. कापड चोरीला जाऊ नये, हे कारण. कापसाचे तूस, तेल, उघड्या तारा आणि माणसे सकाळपर्यंत कुलपात. गल्लीतील बऱ्याच शेडमध्ये हीच रीत होती. हिवाळ्यात एका पाळीला मी कॅमेऱ्यासह आत राहिलो होतो, त्यामुळे मीही कुलपात होतो. दुसऱ्या दिवसापासून शेठनी कॅमेऱ्याला मनाई केली. म्हणून कुलपाचे दृश्य माझ्याजवळ एकच. समोरासमोरच्या मागांवर नरसय्या आणि इद्रीस हे दोन कारागीर बोलत आहेत, त्यांच्या मागे जाळी, आणि जाळीपलीकडे कुलूप. काम करणारी माणसे आणि बंद कुलूप एकाच चौकटीत.

कामगार खात्यातील एका अधिकाऱ्याने चित्रपट पाहण्याचे कबूल केले होते. "आत माणसे असताना कुलूप असते, एवढे दाखवा," तो म्हणाला होता. "गल्लीतील सगळी कुलुपे मी उतरवतो." अशी भाषा मी अनेक अधिकाऱ्यांच्या तोंडून ऐकली आहे. हा मात्र खरे बोलत असावा, असे वाटले.

शुक्रवारी माग बंद असतात. त्या दिवशी संध्याकाळी कारागिरांच्या चाळीच्या मोकळ्या जागेत खेळ ठरला. पडदा म्हणून कोरे कापड ताणले होते. ते तेथेच विणलेले होते. माणसे, बायका, मुले मिळून बरीच गर्दी जमली. मुकादम आपली खुर्ची घेऊन आला आणि सर्वांच्या पुढे बसला. सुरू करताच वीज गेली. कोणी हळहळले नाही, कोणी उठलेही नाही. एकाने लिंबूसरबताची बादली फिरवली. वीज आली, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

लोक मन लावून पाहत होते. ओळखीचा चेहरा दिसला की त्याच्या नावाने ओरडत. मग ते कुलपाचे दृश्य आले. नरसय्या बोलतो आहे, समोर इद्रीस ऐकतो आहे. मागांचा आवाज मी खाली घेतला होता आणि त्यावर माझे निवेदन घातले होते: 'यंत्रांच्या या गोंगाटात माणसाची वाचा हरवून जाते.' हे वाक्य माझ्या आवडीचे होते.

वाक्यावर लोक हसले. हसू अर्ध्यातच थांबले, आणि सगळी चाळ एकदम गप्प झाली.

मुकादम खुर्चीत वळला. "क्या हुआ? क्या बोला वो?"

लोक पडद्याकडेच पाहत राहिले.

"अरे, बोलो ना! नरसय्या क्या बोल रहा है उधर?"

बायकांमधून नरसय्याची बायको लक्ष्मी उठली. ती दिवसा मागासाठी सुताच्या कांड्या भरते. "क्या बोलेगा? बोलता है, बीवी ने सब्जी में नमक ज्यादा डाला. घर में मुँह नहीं खुलता, इधर पूरी दुनिया को बोलता है!"

चाळ हसली, जरा जास्तच हसली. नरसय्याने मान खाली घातली. "था तो था, मुकादमजी. झूठ काय को बोलूँ?"

मुकादमही हसला. खेळ पुढे चालू झाला. काही तरी घडले आहे, एवढे मला कळले होते. काय, ते कळले नव्हते.

खेळ संपल्यावर नरसय्या मास्तरांच्या घरी आला. तो तेलंगणातला, लहानपणी बापाबरोबर भिवंडीत आलेला. चहाचा कप त्याने तसाच ठेवला.

"साहेब, तुमाला खरंच नाय समजलं, मी काय बोललो ते?"

"मागांच्या आवाजात मला कसे ऐकू येणार?"

"ऐकू तर आमाला पण नाय येत." त्याने बोट ओठांवर ठेवले. "हे बघतो. लूमवर आवाज काय कामाचा? पयल्या महिन्यात सगळे शिकतात. बायका पण. लांबून पण समजतं."

गच्चीवरून पाहिलेल्या दोघी मला तेव्हा आठवल्या.

नरसय्या त्या दृश्यात इद्रीसला सांगत होता: 'चाबी बनवा ली है. तेल के डब्बे में है. आग लगी तो हाथ जाली से बाहर डालना, और खोल देना.' मुकादम आंघोळीला गेला असताना त्याच्या सदऱ्यातील चावीचा ठसा त्याने साबणाच्या वडीवर घेतला होता. इद्रीसचे उत्तरही पडद्यावर होते: 'तो फिर बीच में घर जाके सो भी सकते हैं.' लोक हसले ते यावर. माझ्या वाक्यावर कोणी हसले नव्हते.

"मुकादमाला कसे समजले नाही?" मी विचारले.

"तो गोदामातून आला ना. लूमवर कधी उभा नाय राहिला."

"आणि शेठ?"

नरसय्याने चहाचा कप उचलला. "शेठने दस साल लूम चालवला."

अकलोली

शनिवारी सकाळी बाळारामशेठ स्वतः गाडी घेऊन दारात आले. अंगावर पांढरा सदरा, बोटांत अंगठ्या, पायांत रबरी चपला.

"काका, चला आकलोलीला. आंघोळ करू गरम पान्यान. हाडा मोकली होतील तुमची."

नाही म्हणण्यास कारण नव्हते. चित्रपटात त्यांचाही चेहरा होता, आणि नियमाप्रमाणे त्यांनाही तो दाखवणे भाग होते.

रस्त्याच्या दुतर्फा शेते कमी आणि गोदामे अधिक. मातीचे भराव टाकून ठेवलेले दिसत होते. अकलोलीला नदीकाठी दगडी कुंडे आहेत. पाण्याला गंधकाचा वास येतो आणि वाफ वर राहते. आम्ही कृष्णेच्या थंड पाण्यात पोहून मोठे झालो. उकळत्या पाण्यात बसून घाम गाळणे ही आंघोळ, हे मला काही पटले नाही. शेठ मात्र गळ्यापर्यंत बुडून डोळे मिटून बसले.

"माजा बाप खाडीत बांध घालून खाजनाची शेती करायचा," ते म्हणाले. "खारा पानी घुसला, जमीन गेली. मी लूमवर गेलो. ह्यो कान तवापासून बंद हाय. तुमी ह्या बाजूला बसा."

मी बाजू बदलली आणि विचारले, "रात्रपाळीला कुलूप का लावता?"

"चोर भायेरून येतो का आतून, मना सांगा."

"आग लागली तर?"

"मी पन दस वर्सा कुलपातच काम केलाय, काका. मेलो का?" त्यांनी डोळे उघडले. आवाजात राग नव्हता. "कुलूप न्हाय लावला तर अर्धी पाली बिडी फुकाय जाते, ती येतच न्हाय. मग माल कोन काढनार, तुमी?"

पलीकडच्या कुंडाच्या काठावर एक जोडपे उभे होते. नवरा काही सांगत होता, बायको आमच्या बाजूला मान फिरवून काही बोलत होती. एवढ्या अंतरावरून त्यांचा आवाज येत नव्हता. शेठ थोडा वेळ पाहत राहिले आणि हसले.

"ती बोलते, तुज्या आईला कशाला आनली बरोबर? तो बोलतो, मंग तिला घरी कोन बघल?" त्यांनी माझ्याकडे पाहिले. "लूमची विद्या हाय ही. कान गेला, पन ही न्हाय गेली."

कुंडाचे पाणी मला अधिकच गरम वाटू लागले.

"उद्या संध्याकाली घरी या," शेठ अंग पुसत म्हणाले. "फिलिम दाखवा. मी पन बघतो, माजी शेड कशी दिसते ती."

परतीच्या वाटेवर त्यांनी मला पेरू घेऊन दिले. ते गोड होते.

पुन्हा कामतघर

त्या संध्याकाळी मास्तरांच्या घरात नरसय्या, लक्ष्मी आणि इद्रीस बसले होते. पाळीला जाण्यापूर्वी ते आले होते, म्हणून बोलणे लांबवता येणार नव्हते. कुंडावर काय घडले ते मी सांगितले. नरसय्या म्हणाला, "मग साहेब, तो सीन काढून टाका."

इद्रीस उत्तर प्रदेशातला, वयाने मोठा, दाढी पिकलेली. तो एकदम उसळला. "काहे को काढना? रखिए, साहब. एक चाबी से एक दरवाजा खुलेगा. आपकी फिल्म से पूरी गली खुल सकती है."

"और मेरी चाबी?" नरसय्या म्हणाला. "शेठ ने देखा तो डब्बा उठाएगा पहले. फिर मेरे को."

"तेरे को रख लेगा कोई दूसरा. लूम कम है क्या भिवंडी में?"

"लूम है. चाबी नहीं है."

मी म्हणालो, "तोंड झाकता येईल. तेवढाच भाग अंधुक करायचा."

लक्ष्मीने कपाळाला हात लावला. "साहेब, तोंड झाकलं की शेठ तेच विचारनार, काय बोलला म्हनून झाकलं."

ते खरे होते. नुसते कुलूप ठेवावे, तर अधिकारी म्हणणार, बंद पडलेल्या शेडचे असेल. दुसरे दृश्य माझ्याजवळ नव्हते, आणि शेड आता मला उघडणार नव्हती.

नरसय्या माझ्याकडे वळला. "साहेब, एक सांगा. तुमी इतक्या फिल्म बनवल्या. त्याने काय झालं?"

हा प्रश्न मला वृत्तपत्रवाल्यांनी पुष्कळदा विचारला आहे, आणि त्याचे उत्तर माझ्यापाशी तयार असते. ते उत्तर येथे चालले नसते.

"एका गावात पाण्याची टाकी झाली," मी म्हणालो. "एक दगडखाण बंद झाली. तिथले मजूर दुसऱ्या खाणीवर गेले. एका ठिकाणी मला मार बसला."

"टाकी किती दिवसांनी झाली?"

"सहा वर्षांनी."

इद्रीस हसला. "टंकी का पानी पिया तो सही किसी ने!"

"सहा वर्षं," नरसय्या म्हणाला. "चाबी मला आज पाहिजे."

भिंतीमागचे माग बदलत्या पाळीसाठी थांबले. पेल्यांची थरथरही थांबली, तेव्हा मास्तरांच्या पत्नीनेही स्वयंपाकघरातून डोकावून पाहिले. ते तिघे उठले. लक्ष्मीने नवऱ्याच्या हातात डबा दिला. इद्रीस दारात थबकला.

"साहब, आपका क्या खयाल है? आप रखना चाहते हैं कि नहीं?"

"ठेवायचे आहे," मी म्हणालो. "पण चेहरा त्याचा आहे."

"चेहरा तो मेरा भी है," इद्रीस म्हणाला. "मेरा कोई नहीं पूछ रहा."

माझ्या नियमात याची सोय नव्हती. एकाच चौकटीत दोन माणसे असतील आणि एकाला राहायचे असेल, एकाला नसेल, असा प्रसंग पूर्वी आला नव्हता. ज्याला चित्रपटातून निघायचे आहे त्याचे मी ऐकले. दोघे एकाच गल्लीने एकाच दाराशी गेले.

रविवारी सकाळी ठाण्याला गेलो. ओळखीच्या एका संकलकाची खोली तेथे होती. दृश्य काढले आणि निवेदनाचे ते वाक्य मागच्या दृश्यावर सरकवले. जोड कोठे आहे हे मलाही दिसेना, इतके काम सफाईने झाले. संकलकाने विचारले, इतके चांगले दृश्य का काढता? मी त्याला चहा सांगायला लावला.

शेठच्या घरी

बाळारामशेठचे घर तीन मजली, गुलाबी रंगाचे. दिवाणखान्यात मोठा टीव्ही. सुना, नातवंडे, शेजारी, मुकादम, सगळे जमले होते. प्रथम कोलंबीचे जेवण झाले. नको म्हणणे त्या घरात चालत नाही. ताटावर हात धरला तर ते हातावर वाढतात. नंतर चित्रपट लागला. शुक्रवारी तो पाहिलेला मुकादम मागे बसून पेंगत होता.

शेठ टीव्हीजवळ सरकून बसले. त्यांची नजर पडद्यावरच्या प्रत्येक ओठावर जात होती, ते मी पाहत होतो. मध्येच ते हसत आणि बाजूच्या नातवाला सांगत, "ह्यो शिवी देतोय. ह्यो बोलतोय, धागा तुटला." माझ्या चित्रपटात इतकी माणसे इतके बोलत होती, हे मला त्या दिवशी समजले.

चित्रपट संपला. शेठनी माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"चांगली फिलिम हाय, काका. मना वाटलेला, तुमी आमची बदनामी करनार. पन न्हाय केली. गरिबाचे हाल दाखवले, बरा केला. सरकारनी कायतरी करायला पायजे."

त्यांनी सुनेला मिठाईचा डबा आणायला सांगितले. माझ्या चित्रपटांना पूर्वी दगड मिळाले आहेत, समन्स मिळाले आहेत. मिठाई प्रथमच मिळाली. ती मी मास्तरांच्या घरी ठेवली आणि सोमवारी सकाळी निघालो.

पुढे मुंबईत तो अधिकारी चित्रपट पाहायला आला. शेवटपर्यंत बसला. दिवे लागल्यावर म्हणाला, "कुलपाबद्दल आपण बोललात, पण ते चित्रात कोठे दिसले नाही." मी म्हणालो, "नाही." त्याने मान हलवली आणि आपली बॅग उचलली.

पडघा

हे लिहायला मी दोन वर्षे थांबलो. त्याचे कारण आता सांगता येते.

यंदा नाशिकला जाताना पडघ्याला उतरलो. महामार्गालगतच्या एका गोदामात नरसय्या खोकी बांधण्याचे काम करतो, असे मास्तरांनी कळवले होते. बाजारात ट्रकच्या रांगा होत्या आणि धूळ होती. एका टपरीवर त्याने मला वडापाव खाऊ घातला. तो बोलताना अजूनही ओठ मोठे करतो. गोदामातले सोबती त्यावरून त्याची नक्कल करतात, असे त्याने सांगितले.

"चावी वापरावी लागली का?" मी विचारले.

"एकदा. आग नव्हती. इद्रीसचाचाच्या छातीत कळ आली, रात्रपाळीला. मी हात बाहेर काढला, कुलूप उघडलं. हातगाडीवर टाकून नेलं."

"वाचला?"

"वाचला. गावाला गेला. लूम बंद त्याचं." त्याने वडापावचा कागद चुरगाळला. "सकाळी शेठने विचारलं, कुलूप कोनी उघडलं? मी सांगितलं. लपवून काय फायदा? त्याच दिवशी कुलूप बदललं. मला पन काढलं."

"आणि शेड?"

"ती पन गेली, साहेब. शेठने पाडली. गल्लीतल्या बाकीच्या पन तशाच गेल्या. गोदाम बांधतो तिथे. भाडं जास्त, झंझट कमी." त्याने कागद टपरीच्या डब्यात टाकला. "नवीन कुलपाची चाबी मला जमली असती. टाइम नाय भेटला."

मी त्याला म्हणालो, चित्रपटातून काढलेला तो तुकडा अजून माझ्याजवळ आहे. परत जोडू का?

"जोडा," तो म्हणाला. "आता कोनाचं काय जातंय?"

निघताना त्याला इद्रीसचा पत्ता विचारला. त्याच्यापाशी नव्हता. गावाचे नाव ठाऊक होते, जिल्ह्याचे नव्हते. नियमाप्रमाणे इद्रीसलाही विचारायला हवे होते. त्याचे उत्तर त्याने दोन वर्षांपूर्वी मास्तरांच्या दारात दिले होते. तेच मी धरून चाललो.

साताऱ्याला परतल्यावर दृश्य पुन्हा जागेवर बसवले. निवेदनाचे वाक्य काढून टाकले आणि मागांचा आवाज जसा होता तसा ठेवला. मागच्या महिन्यात येथल्या वाचनालयात चित्रपट दाखवला. त्या जागी लोकांनी कानांवर हात ठेवले. संपल्यावर एका बाईंनी विचारले, ते दोघे हसत काय बोलत होते? मी सांगितले. मग त्यांनी विचारले की दार उघडले का. मी म्हणालो, एकदा.

चित्रात कुलूप स्पष्ट दिसते. ते उतरवायला सांगावे, अशी शेड मात्र आता तेथे नाही.